सोडायचा श्वास

नानांकडे गाणं शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सा मिळत नसे. तो तानपुऱ्यासमोर मांडी घालून बसे, आता गायचं आहे म्हणून छाती फुगवून भरभक्कम श्वास घेई, आणि नाना हात वर करून त्याला थांबवत.

“घेऊ नकोस. आधी आहे तो सोड.”

मूल श्वास सोडी.

“आणखी सोड. अजून आहे आत. हं. आता काही करू नकोस, पोट ढिलं ठेव.”

आणि मग काही न करता श्वास आपोआप आत येई. मुलाच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटे. मी माडीच्या जिन्यात बसून हे शेकडो वेळा पाहिलं आहे. नाना म्हणजे माझे वडील. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जनकगंजात आमचं घर. खाली लाल-पिवळ्या दगडाचा चौक, वर माडी, आणि माडीवर सकाळ-संध्याकाळ गाणं. नानांनी लहानपणी ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांना समोर बसून ऐकलं होतं. आपण गवई झालो नाही, गाण्याचे मास्तर झालो, एवढंच ते स्वतःबद्दल सांगत. पुढे मी जीवशास्त्र शिकले, बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला ते शिकवलं, आणि श्वसनसंस्थेचा धडा आला की दरवर्षी मला जिन्यातली ती जागा आठवायची. “काही करू नकोस, येईल” हे वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीने किती नेमकं आहे ते मला फार उशिरा कळलं.

धडा शिकवताना मी पहिली काही वर्षं फळ्यावर आकृती काढत असे. नाक, घसा, श्वासनलिका, तिचे दोन फाटे, दोन फुप्फुसं, खाली छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाची कमान. रंगीत खडू. मुलं वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तशीच काढत. एके वर्षी एका मुलीने विचारलं, “मॅडम, फेफड़े फुग्यासारखे पोकळ असतात ना?” आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्या वर्गाला तसंच वाटतंय. दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन बकऱ्याचं फेफडं आणलं. आमच्या घरात मटण शिजत नसे, तेव्हा ते थेट शाळेत नेलं. सोबत श्वासनलिका अखंड होती. खाटकाला तेवढंच सांगितलं होतं, नळी कापू नका.

ते फुप्फुस पोकळ नव्हतं. हातात घेतलं तर गुलाबी, ओलसर, दाबलं की बोट बुडेल असं, आणि आकाराच्या मानाने अगदी हलकं. बादलीतल्या पाण्यात टाकलं तर तरंगलं. काळीज बुडतं, मूत्रपिंड बुडतं, फुप्फुस तरंगतं, कारण बकरा मेला तरी त्याच्या आतली हवा पुरती गेलेली नसते. मग आम्ही नळीत रबरी ट्यूब बसवून सायकलच्या पंपाने हवा भरली. आंबवलेलं पीठ फुगावं तसं ते मंद फुगत गेलं, कडेच्या सुरकुत्या एकेक करून उलगडल्या, रंग फिकट झाला. वर्गात चिडीचूप. आणि मी पंप काढला. कुणी काही न करता, फुस्स असा बारीक आवाज करत ते स्वतःहून बसलं.

ते बसणं मला मुलांना दाखवायचं होतं. श्वास आत घ्यायला स्नायू लागतात. श्वासपटल आकसून खाली जातं, बरगड्यांमधले स्नायू पिंजरा वर आणि बाहेर उचलतात, छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी होतो आणि हवा आत शिरते. शांत बसलेलं असताना श्वास सोडायला मात्र काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस सुटतं आणि आपल्या जागी येतं. त्याच्या अंगात लवचीक तंतूंचं जाळं आहे, आणि वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, आत पाण्याचा पातळ थर आहे, तोही आकसू पाहतो. मराठीत श्वास घेण्याला घेणं एवढाच शब्द, पण सोडण्याला पाहा: निःश्वास, सुस्कारा, उसासा, हुश्श. आमच्या भाषेने तरी सोडण्याकडेच जास्त लक्ष दिलेलं आहे.

नाना मुलाला “आणखी सोड” म्हणत तेव्हा तो मुलगा पोटाच्या स्नायूंनी, नेहमी जिथे श्वास थांबतो त्याच्याही खाली हवा ढकलत असे. तिथे छातीचा पिंजराच दबलेला असतो, त्याला बाहेर उसळायचं असतं. पोट ढिलं सोडलं की तो उसळतो आणि हवा स्वतःहून आत येते. पुस्तकात मी हे आलेखाच्या दोन रेषांमध्ये शिकले. नानांना ते त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं, गुरूंना त्यांच्या गुरूंनी.

नाकाबद्दल थोडक्यात सांगते. ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी सोसला आहे त्यांना नाकाचं मोल वेगळं सांगायला नको. पहाटे पाच अंश थंडी, दाट कोहरा म्हणजे धुकं, आणि त्यातून नानांचे विद्यार्थी मफलर गुंडाळून यायचे. तोंडाने श्वास घेत आलेला मुलगा आल्या आल्या खोकायचा, नाकाने घेत आलेला बसून लगेच खर्ज लावू शकायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडं असतात, त्यांच्यावर रक्ताने भरलेलं ओलं अस्तर. हवा त्या वळणांतून घासत जाते, ऊब आणि ओल घेते, धूळ तिथे ठेवते. मे महिन्यात लू सुटली आणि पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तेच अस्तर उलट काम करून हवा थंड करतं. श्वास श्वासनलिकेच्या फाट्यापर्यंत पोहोचेतो बाहेर कोहरा असो की लू, आतली हवा सदतीस अंशांच्या आसपास आणि ओलीचिंब. शिवाय दोन्ही नाकपुड्या सहसा एकसारख्या चालत नाहीत. काही तासांनी एक मोकळी होते, दुसरी थोडी भरते, मग उलट. जुन्या योग्यांनी याला चंद्रनाडी आणि सूर्यनाडी म्हटलं. आज्जी देवपूजेआधी नाकासमोर बोट धरून कोणती चालू आहे ते बघत असे.

घशात हवेचा आणि घासाचा रस्ता एक होतो आणि लगेच पुन्हा वेगळा होतो. ही रचना मला नेहमीच धोक्याची वाटत आली आहे. अन्ननलिका मागे, श्वासनलिका पुढे, म्हणजे प्रत्येक घासाला श्वासाचं दार ओलांडून मागे जावं लागतं. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्यावर पानासारखं एक कूर्चेचं झाकण कलतं, स्वरतंतू मिटतात, आणि श्वास क्षणभर थांबतो. गिळता गिळता बोललं की ठसका लागतो तो यामुळे. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीजवळ चिंच आहे. तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असं सगळे गवई मानत आले. पण खाल्लेला पाला स्वरतंतूंना स्पर्शच करू शकत नाही, तो दार मिटल्यावर मागून निघून जातो. हे मी नानांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, “मी तो त्यांच्या दारातला प्रसाद म्हणून खातो.” मग मीही खाल्ला.

स्वरयंत्रापाशी मात्र मला थांबावंसं वाटतं. माझ्या घरात त्याच्याइतकं दुसऱ्या कशाला जपलं गेलं नाही. हिवाळ्यात मुलेठीचा काढा, उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा घोट घोट करून.

गळ्यावर बोट ठेवून गिळलं की वर-खाली होणारा जो उंचवटा लागतो, त्याच्या आत मागून पुढे दोन पडदे ताणलेले असतात. आपण त्यांना तंतू म्हणतो, पण ते तारेसारखे सुटे नसतात, भिंतीला धरून असलेल्या दोन घड्या असतात. पुरुषांमध्ये दोन सेंटिमीटरच्या आसपास, बायकांमध्ये त्याहून आखूड. खालून हवेचा दाब आला की त्या उघडतात, लगेच मिटतात, पुन्हा उघडतात. नाना काळी एकमध्ये, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गात. म्हणजे त्यांनी मध्य सप्तकातला सा लावला की त्या दोन घड्या सेकंदाला जवळजवळ 139 वेळा एकमेकींना भेटत होत्या. तार षड्जावर त्याच्या दुप्पट. आवाज होण्यासाठी लागणारी हवा अगदी थोडी असते, लागतो तो एकसारखा दाब.

जिवंत माणसाच्या गळ्यातल्या या घड्या नीट पाहिल्या आणि वर्णन केल्या त्या एका गाण्याच्या मास्तराने. मॅन्युएल गार्सिया त्याचं नाव. 1854 साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांडीचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं, आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्याचं टिपण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. त्याने हे एखाद्या रोगासाठी केलेलं नव्हतं, शिष्यांना शिकवतो ते आत कसं घडतं हे त्याला बघायचं होतं. तो एकशे एक वर्षं जगला. ही गोष्ट मी नानांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, “त्याला काय दिसलं?” मी म्हटलं, “दोन पांढुरक्या कडा, उघडतात आणि मिटतात.” नानांनी आरसा मागितला नाही. डोळे मिटून हलका सा लावला आणि गळ्यावर तळहात ठेवला.

या पडद्यांकडे जाणाऱ्या चेतातंतूंचा रस्ताही विलक्षण आहे. मेंदूतून निघून तो गळ्यापाशी थांबत नाही, गळा ओलांडून खाली उतरतो. डावीकडचा तर छातीत जाऊन हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालून पुन्हा वर स्वरयंत्रात येतो. म्हणून हृदयाच्या किंवा महाधमनीच्या काही आजारांत माणसाचा आवाज बसतो. आवाज बसला म्हणून घसा दाखवायला जावं आणि दुखणं छातीत निघावं, असं होऊ शकतं.

श्वासनलिका म्हणजे दहा-बारा सेंटिमीटरची नळी, पाव रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षाही थोडी अरुंद. तिला कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या असतात, पण त्या पूर्ण गोल नसतात, घोड्याच्या नालासारख्या मागून उघड्या. मागे अन्ननलिका टेकलेली असते, मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा हवी. छातीत ही नळी दोन फाट्यांत विभागते आणि हे फाटे सारखे नसतात. उजवा जास्त रुंद, आखूड आणि सरळ. हृदय डावीकडे कललेलं, म्हणून डाव्या फुप्फुसाला जागा कमी, त्याचे भाग दोन, उजव्याचे तीन. या सरळ फाट्याचा अर्थ आम्हाला एका संक्रांतीला समजला. माझ्या भावाचा मुलगा तीन वर्षांचा, पळता पळता शेंगदाणा खात होता. जोरात ठसका लागला, मग थांबला, आम्हाला वाटलं गेला खाली. दोन दिवस बारीक खोकला राहिला आणि श्वासाबरोबर शीळ ऐकू येऊ लागली. दुर्बिणीने शेंगदाणा काढला तो उजव्या फाट्यातून. तेव्हापासून घरात तीळ, गजक, शेंगदाणे लहान मुलांना बसवूनच दिले जातात, आणि पाच वर्षांखालच्यांना अख्खा दाणा मुळीच नाही. हे वाचणाऱ्यांनीही तसंच करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या फाट्यांना पुढे फाटे, त्यांना आणखी, असं साधारण तेवीस वेळा होतं. शेवटी द्राक्षांच्या घोसासारखे वायुकोश. वर्गात मी त्यांना ‘कूपिका’ म्हणत असे, माध्यम हिंदी होतं. कूपिका म्हणजे छोटी कुपी, मला तो शब्द फार आवडतो. एकेक कुपी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, आणि अशा तीस ते पन्नास कोटी. सगळ्या पसरल्या तर साधारण सत्तर चौरस मीटर, म्हणजे आमची माडी, गच्ची आणि चौक मिळूनही होणार नाही एवढी जागा. तिची भिंत केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून पातळ. भिंतीच्या अलीकडे हवा, पलीकडे रक्त. एक तांबडी पेशी त्या भिंतीशी पाऊण सेकंद राहते, तेवढ्यात प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड देते. पाऊण सेकंद म्हणजे मिनिटाला ऐंशी मात्रांच्या लयीत एक मात्रा. नाना मध्यलयीचा ख्याल त्याच्याच आसपास मांडत.

एवढ्या इवल्या, आतून ओल्या कुप्या मिटून चिकटून का बसत नाहीत? पाण्याचा ताण त्यांना मिटवायलाच बघत असतो. काही पेशी तिथे साबणासारखं एक द्रव्य सोडतात, ते हा ताण कमी करतं. हे द्रव्य पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत पुरेसं तयार व्हायला आठवा महिना सरत यावा लागतो. फार आधी जन्मलेल्या बाळांचा श्वास का बंद पडतो, याचं उत्तर मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टर बाईंनी 1959 साली दिलं. त्या बाळांच्या फुप्फुसांत हेच कमी होतं. माझ्या आईचं माझ्याआधीचं मूल सातव्या महिन्यात झालं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. आई आयुष्यभर म्हणत राहिली की मी जिना चढले, माझंच चुकलं. मी तिला वही काढून, आकृती काढून समजावलं की तुझं काही चुकलं नव्हतं. तिने आकृती नीट पाहिली. पटलं की नाही माहीत नाही, पण ती वही तिने देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली.

ग्वाल्हेरच्या गाणाऱ्यांत हस्सू खाँची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी बडे मोहम्मद खाँची तान दरबारात पडद्याआड लपून ऐकली आणि उचलली. पुढे भर बैठकीत हस्सू खाँनी ‘कडक बिजली’ची तान घेतली, ती पुन्हा घ्यायला लावली गेली, आणि त्या तानेतच छातीत काहीतरी तुटलं, तोंडातून रक्त आलं. कुणी बरगडी म्हणतं, कुणी फुप्फुस. आख्यायिकाच ती, सांगणाऱ्यागणिक बदलते. फुप्फुसाभोवती दुहेरी पडदा असतो आणि दोन पदरांमध्ये दोन-चार चमचे पाणी. ओल्या काचा एकमेकींवर सरकतात पण सुट्या होत नाहीत, तसं त्या पाण्याच्या थराने फुप्फुस छातीला धरून असतं. अशक्त झालेली एखादी कुपी जोराने फुटली आणि त्या फटीत हवा शिरली तर फुप्फुस छातीला सोडून आत मिटतं, बकऱ्याचं मिटलं तसं. मुलं ही गोष्ट शौर्याची म्हणून ऐकत. नाना तिथेच अडवत. “मरेपर्यंत तान घ्यायची नसते. तान संपली तेव्हा आत श्वास उरलेला असला पाहिजे.” श्वास उरतोच, कितीही सोडला तरी लिटरभर हवा आत राहते. पण त्यांना म्हणायचं होतं ते निराळं होतं, आणि ते मुलांना समजत असे.

दमसास म्हणजे फुप्फुसं मोठी असणं, असा सर्वसाधारण समज आहे. पण भरलेलं फुप्फुस सुटू पाहत असतं, त्याचा सगळा दाब एकदम स्वरतंतूंवर आला तर सूर फाटेल. म्हणून गाणारा श्वास सोडत असतानाही श्वास घेण्याचे स्नायू चालूच ठेवतो, सुटू पाहणाऱ्याला धरून धरून सोडतो. विहिरीत भरलेली घागर उतरवताना दोर हातातून एकदम सरकू देत नाहीत, तसं. अर्धी हवा संपली की मग पोटाच्या स्नायूंची पाळी येते. नाना हे सगळं “पोट सांभाळ” या दोन शब्दांत सांगत.

आणि माझे नाना, श्वासाचे एवढे जाणकार, चाळीस वर्षं बिडी ओढत होते. शिकवणी संपल्यावर गच्चीत, दिवसातून आठ-दहा. यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वाऱ्याच्या नळ्यांना आतून केसांसारखे सूक्ष्म रोमक असतात, ते सतत एका दिशेने हलत चिकट स्राव आणि त्यात अडकलेली धूळ वर घशाकडे ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात. साठलेलं काढायला खोकल्यावाचून मार्ग राहत नाही. नानांचा सकाळचा खोकला आमच्या गल्लीतलं घड्याळ होता, आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, जीवशास्त्राची मास्तरीण, त्याला ‘नानांची सवय’ म्हणत होतो.

साठी उलटल्यावर ते जिन्यात थांबू लागले. मग चौकात. ज्या डॉक्टरांकडे आम्ही जात होतो त्यांनी सहा-सात वर्षं दम्याच्या गोळ्या दिल्या, एकदाही फुंकून घेण्याची तपासणी केली नाही. मी मागायला हवी होती. शेवटी दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा तंत्रज्ञ मुलाने नानांच्या तोंडात नळी दिली, नाकाला चिमटा लावला आणि सांगितलं, पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंका आणि फुंकत राहा. ही तपासणी मूळची जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरची. 1846 साली त्याने पाण्यातल्या उलट्या पिंपात दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावून मोजमाप केलं. आता यंत्र हातात मावतं. तो मुलगा ओरडत होता, “और छोड़िए बाबूजी, और, और, और, अभी है अंदर, और छोड़िए!”

मी भिंतीकडे बघत उभी राहिले. निरोगी माणूस फुंकून बाहेर पडणाऱ्या हवेचा तीन चतुर्थांश भाग पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. नानांचा निम्माही गेला नव्हता.

डॉक्टर बाईंनी एम्फिसीमा म्हटलं. कुप्यांच्या मधल्या भिंती झिजून फुटतात, घोसातली पाच-पन्नास द्राक्षं मिळून एकच सैल पिशवी होते. जागा घटते हे खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे लवचीकपणा जातो. फुप्फुस ताणलं जातं आणि परत येत नाही. बारीक नळ्यांना आजूबाजूच्या कुप्यांनी चहूकडून ओढून उघडं ठेवलेलं असतं, तो आधार सुटल्याने श्वास सोडताना त्या मिटतात आणि हवा मागे कोंडते. कोंडलेल्या हवेवर नवा श्वास, त्यावर आणखी. छाती पिंपासारखी गोल होते, श्वासपटलाची कमान चपटी होते, आणि मानेचे स्नायू ओढून ओढून काम करतात. लोक विचारत, नानांना श्वास घेता येत नाही का? घेता येत होता. त्यांना सोडता येत नव्हता.

हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीच मला सांगितलं, एका रात्री, उशा लावून बसलेले असताना. “आत जागाच नाही गं, बाळ. आधीचाच अजून बसलाय.”

आज्जीच्या पोथीत अजपाजपाचा, म्हणजे श्वासागणिक आपोआप होणाऱ्या जपाचा, आकडा होता, दिवसाला 21,600 श्वास. मिनिटाला पंधरा धरले तर बरोबर तेवढेच होतात. नानांचे तेव्हा मिनिटाला अठ्ठावीस-तीस होत. आपण न मोजता, न जपता हे चालत असतं. मेंदूच्या तळाशी एक जागा रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघत असते आणि झोपेतही हुकूम सोडत असते. पण हृदयाच्या ठोक्याला हात लावता येत नाही तसं श्वासाचं नाही, तो आपल्या हाती घेता येतो. नानांनी तेच केलं.

फिजिओथेरपीच्या मुलीने त्यांना शिकवलं की नाकाने घ्या, ओठ शीळ घातल्यासारखे करून हळू सोडा, घेताना लागेल त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. ओठ आवळले की नळ्यांत थोडा दाब राहतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. आई म्हणाली, “हे तर ते कधीचेच करतायत, बशीतल्या चहावर फुंकल्यासारखं. मला वाटायचं चहाच गरम आहे.” मुलीने एक-दोन-तीन-चार मोजून दाखवलं. नानांनी ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर म्हणाले, असं नुसतं मोजायचं नाही. बोटांनी गुडघ्यावर ठेका शोधत बसले. दादऱ्यात सारखे भाग पडतात, झपताल त्यांच्या दमाला लांब. मग रूपक. सात मात्रा, पहिल्या तीन खालीच्या, म्हणजे टाळी न वाजणाऱ्या, पुढच्या दोन-दोन टाळीच्या. ती ती ना, धी ना, धी ना. खालीच्या तीन मात्रांत श्वास आत, टाळीच्या चार मात्रांत बाहेर. रूपकात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, खालीवर येते, टाळी वाजत नाही, हात नुसता उलटा होतो. त्या रिकाम्या समेवर ते श्वास घेत.

त्या जानेवारीत पहाटे सिगडीऐवजी हीटर लावून ते पुन्हा माडीवर बसू लागले. गात नव्हते. एकच मुलगा येत असे, शिंद्यांच्या छावणीतून, सायकलवर. तो रूपकातली भैरवची बंदिश गाई आणि नाना डोळे मिटून त्याच ठेक्यात फुंकत बसत, उजवा हात गुडघ्यावर, खालीला उलटा, टाळीला सुलटा. मी जिन्यात माझ्या जुन्या जागी. बोलणंही सोडायच्या श्वासावरच होतं, तेव्हा बोलायचं असलं तर त्या चार मात्रा त्यासाठी खर्चाव्या लागत, म्हणून ते फारसं बोलत नसत. एक दिवस मुलाने अंतरा उचलला, मधेच दम तुटला आणि त्याने तो शब्दाच्या आड चटकन भरून घेतला. मला कळलंही नाही. नानांचा हात खालीवर उलटा झाला, तीन मात्रा श्वास आत गेला, आणि पुढच्या चार मात्रांत फुंकर न घालता ते म्हणाले,

“श्वास चोरलास. पुन्हा घे.”

आणि पुढच्या खालीवर हात पुन्हा उलटा झाला.